मीटर सुरू आहे

पॅनेलवर एक छोटी खिडकी असते आणि तिच्यात आकड्यांची चाकं फिरत असतात. हा हॉब्ज मीटर. इंजिनात तेलाचा दाब आला की तो सुरू होतो आणि इंजिन बंद करेपर्यंत थांबत नाही. शेवटचं चाक तासाच्या दहाव्या भागाचं, म्हणजे सहा मिनिटांचं. विमान हवेत आहे की धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं आहे, याचं त्याला सोयरसुतक नाही. आमच्या क्लबात सेसना १७२ चा दर पेट्रोल धरून तासाला १७० डॉलर, शेजारी इन्स्ट्रक्टर बसला तर त्याचे आणखी ९०. म्हणजे ते चाक एक घर सरकलं की २६ डॉलर गेले. शनिवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या आमच्या पालो आल्टो विमानतळावर पुढे चार-पाच विमानं असली तर जमीन सुटायच्या आतच दोन घरं सरकतात.

*

हे १७० डॉलर जातात कुठे, ते क्लबच्या खजिनदारांकडून एकदा नीट समजून घेतलं. विमान तासाला साधारण तीस लिटर पेट्रोल पितं. हे पेट्रोल गाडीचं नव्हे. नाव ‘१०० लो लेड’, रंग फिकट निळा आणि किंमत पंपावरच्या पेट्रोलहून कितीतरी वर. तरी तो झाला जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीच्यात विमा, विमान बांधून ठेवायच्या जागेचं भाडं, दर शंभर तासांची तपासणी, वर्षाची मोठी तपासणी आणि इंजिनाचा फंड. लायकमिंग कंपनी सांगते, २,००० तास झाले की इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधून घ्या. त्याला तीस-चाळीस हजार डॉलर लागतात. म्हणून प्रत्येक तासामागे वीस डॉलर आधीच बाजूला टाकावे लागतात. जो क्लब हे पैसे बाजूला टाकत नाही तो स्वस्त वाटतो. त्या स्वस्ताईला भुलू नये, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

*

कायद्यानं प्रायव्हेट पायलटच्या लायसन्सला किमान ४० तास उड्डाण हवं. चाळीसात काम उरकलेला माणूस मला इथे अजून भेटलेला नाही. साठ-सत्तर हा खरा आकडा. वर लेखी परीक्षा (साठ प्रश्न, सत्तर टक्के पास), डॉक्टरी तपासणी, हेडसेट आणि शेवटी परीक्षकाची फी, जी बे एरियात हजार डॉलरच्या घरात जाते. सगळं मिळून माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचे वीस हजार डॉलर गेले. आई फोनवर लगेच रुपयांत गुणाकार करते आणि मग थोडा वेळ काहीच बोलत नाही. तिचं गप्प बसणं मला मान्य आहे. रक्कम मोठीच आहे, आणि ती मोठी नाही असं भासवून शिकायला सुरुवात केली तर माणूस अर्ध्यावर सोडतो.

*

अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ पाहिले. हुशारी कमी पडली म्हणून सोडलेला त्यांत क्वचित. बहुतेकांचं गणित एकाच जागी चुकतं. पगारातून जमेल तसं, महिन्याला एखाद-दुसरा धडा, असं ठरवून ते येतात. उडणं हे हाताचं काम आहे, आणि हात विसरतात. तीन आठवड्यांनी आलेल्या माणसाचा पहिला अर्धा तास मागचाच धडा परत करण्यात जातो. त्यातून उन्हाळ्यात समुद्रावरून सकाळी ढगांचा थर आत येतो आणि दहा-अकरा वाजेपर्यंत फाटत नाही. ठरलेला धडा रद्द. मग महिन्याचा एक धडा दोन महिन्यांचा एक होतो. तासाचा दर तोच, पण शिकायला लागणारे तास दीडपट होतात.

माझं स्पष्ट मत: निम्मे तरी पैसे हातात आल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि सुरुवात केली की आठवड्यातून दोनदा, जमलं तर तीनदा जावं. आधी दोन वर्षं साठवावं आणि मग सहा-आठ महिन्यांत उरकावं. मी तसंच केलं. घरी कार बदलायची होती, ती बदलली नाही. नवरा स्वतः उडत नाही, पण वेळापत्रक त्यानं सांभाळलं, मुलीच्या पोहण्याच्या क्लासची ने-आण केली. त्याच्या वेळेचा आकडा कुठल्याच मीटरवर येत नाही.

*

लँडिंग. सगळ्यात जास्त तास यातच जातात.

पालो आल्टोची धावपट्टी सुमारे २,४०० फूट. शेजारच्या सॅन होजेला मोठी जेट उतरतात तिथे ११,००० फूट आहे. इकडे एका बाजूला गोल्फचं मैदान, दुसऱ्या बाजूला खाडीची दलदल. दुपारी वारा वायव्येकडून येतो, म्हणून त्याच दिशेला तोंड असलेली धावपट्टी ३१. एक चक्कर मारून परत उतरायला सहा-सात मिनिटं, म्हणजे मीटरचं एक घर. प्रत्येक लँडिंगची किंमत इतकी रोख समोर दिसत असताना मन शांत ठेवायचं, हाही शिकण्याचाच भाग.

अखेरच्या टप्प्यावर वेग ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. धावपट्टीचं तोंड पायाखालून गेलं की थ्रॉटल बंद. इथे नवखा माणूस खाली जमिनीकडे बघतो, आणि जमीन अंगावर येतेय असं वाटून योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, खेचतो. बघायचं असतं पार टोकाला, धावपट्टी जिथे संपते तिथे. मग दोन्ही बाजूंच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत वर येताना कळतात, आणि त्या हिशेबानं योक मागे घ्यायचं, थोडं, आणखी थोडं. विमानाला उतरू द्यायचं नाही. ते उतरायला बघतं, आपण धरून ठेवतो. वेग सरत जातो, योक जड न राहता सैल लागायला लागतं, आणि डाव्या पंखातून एक शिट्टी सुरू होते.

या शिट्टीबद्दल लिहायलाच हवं. पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक आहे, त्याच्या आत पेटीच्या सुरासारखी एक रीड. पंख उचलायचं काम सोडून देण्याच्या बेतात आला की त्या भोकापाशी हवा ओढली जाते आणि रीड वाजते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. उड्डाणाआधी तिची तपासणी करायची तर त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा आत ओढायची. मी अजूनही दर वेळी ओढते. वाजली की बरं वाटतं.

*

बाबा ओझरला एच.ए.एल.मध्ये फिटर होते. आमचं बालपण टाउनशिपमध्ये, मिगच्या आवाजात गेलं. तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवायला म्हणून उभा राहिला. आमच्या घरी तो नुसता ‘फॅक्टरी’. आयुष्यभर विमानं हाताळलेल्या या माणसाला मी उडायला शिकतेय हे कळलं तेव्हा त्यांनी पैशाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते असं: “अगं, तेल किती आहे ते स्वतः काडी काढून बघतेस ना? की कुणी सांगितलेलं धरून चालतेस?”

मागच्या हिवाळ्यात ते आले तेव्हा आमच्या विमानाची वर्षाची तपासणी चालू होती. सभासदांनी हाताखाली काम केलं तर मेकॅनिकचे तास वाचतात, म्हणून आम्ही पाळीपाळीनं जातो. पॅनेल उघडायची, प्लग काढून साफ करायचे. सिलिंडर चार, पण प्लग आठ, कारण प्रत्येकाला दोन. दोन मॅग्नेटो, एक गेला तरी दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. बाबांना नेलं. झाकण काढलेलं इंजिन बघून ते काही न बोलता चष्मा पुसत उभे राहिले. मग त्यांचं बोट ऑइल फिल्टरच्या लॉकवायरवर गेलं. पीळ घातलेली बारीक तार, नट फिरू नये म्हणून बांधतात ती. मला म्हणाले, “ही कुठल्या बाजूनं ओढलीय बघ. नट सैल व्हायला लागला की तारेनं त्याला मागे खेचलं पाहिजे. उलट बांधली तर तार असून नसल्यासारखी.” मेकॅनिक मेक्सिकोहून आलेला, मराठीचा गंध नाही, पण बोटावरून त्याला सगळं कळलं. त्यानं आपला टॉर्च आणि लांब दांडीचा आरसा बाबांच्या हातात दिला.

त्यानंतर कॉम्प्रेशन. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. आमचे चार: ७६, ७४, ७६, ७१. एकाहत्तरवाला कुठून गळतोय ते बाबांनी एक्झॉस्टला कान लावून ऐकलं. “व्हाल्व्ह. अजून चालेल, पण लक्ष ठेवा.” मेकॅनिकनंही कागदावर तेच लिहिलं होतं. तपासणीचं बिल आलं तेव्हा मला पहिल्यांदाच त्यातली प्रत्येक ओळ वाचता आली. तासाला सव्वाशे डॉलर घेणारा हा माणूस महाग नाही. मी ज्या नटावर जीव टाकून हवेत जाते, तो त्यानं बघितलेला असतो.

*

आमचं विमान १९७५ चं, माझ्याच वयाचं. लोकांना आश्चर्य वाटतं. इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये अशी विमानं सर्रास आहेत. १७२ पहिल्यांदा विकायला आलं १९५६ साली. तेव्हापासून ४४ हजारांहून जास्त बनली, एवढं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. १९७८ साली अमेरिकेत १७ हजारांहून जास्त लहान-मोठी खासगी विमानं तयार झाली. १९९४ साली हजारही नाहीत. मधल्या काळात विम्याचा आणि कोर्टकचेऱ्यांचा खर्च एवढा वाढला की १९८६ साली सेसनानं एक-इंजिनी पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. पंचवीस-तीस वर्षं जुन्या विमानाला अपघात झाला तरी दावा कारखान्यावर. शेवटी १९९४ साली कायदा झाला, की १८ वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाबद्दल बनवणाऱ्यावर सहसा दावा लावता येणार नाही. मग १९९६ साली कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावी सेसनाचा नवा कारखाना उभा राहिला.

पण तोवर एक पिढी गेली होती. कमी विमानं, म्हणून महाग विमानं; महाग, म्हणून कमी गिऱ्हाईक. आज नवीन १७२ घ्यायला चार लाख डॉलरहून जास्त लागतात. साधा शाळामास्तर किंवा सुतार सत्तरच्या दशकात हिश्शानं विमान घेऊ शकत होता. क्लबातले ऐंशी पार केलेले सभासद अशाच घरांतून आलेले आहेत. त्यांच्यानंतर जे येतात ते बहुतेक माझ्यासारखे, सॉफ्टवेअरमधले. हे मला खरोखर सलतं.

*

निळ्या पेट्रोलातलं शिसं. गाड्यांच्या पेट्रोलातून ते अमेरिकेत १९९६ पर्यंत आणि भारतात २००० साली गेलं, विमानांच्या पेट्रोलात राहिलं, कारण जोरकस इंजिनांना ते नसलं तर चालत नसे. पूर्व सॅन होजेत रीड-हिलव्ह्यू विमानतळ दाट वस्तीत आहे. काउंटीनं तिथल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास करवून घेतला. २०२१ साली अहवाल आला: विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीच्या विमानतळांवर शिशाचं पेट्रोल विकणं बंद झालं. तेव्हा पायलट मंडळींनी खूप आरडाओरडा केला. मी काउंटीच्या बाजूची. आमच्या खर्चाचा एक भाग त्या वस्तीतली मुलं भरत होती, आणि त्यांच्यातला एकही जण कधी आमच्या विमानात बसला नव्हता. आमच्या जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनाला शिसं नसलेलं ९४ ऑक्टेनचं पेट्रोलही चालतं. लिटरमागे जास्त पडतं. पडू दे.

*

मंडळाच्या गणपतीत हमखास प्रश्न येतो: “आम्हाला फिरवून आणायचे किती घेशील?” घेता येत नाही. प्रायव्हेट लायसन्सवर धंदा करायला बंदी आहे. पेट्रोल, भाडं यांचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घेता येतो, आणि त्यात पायलटचा स्वतःचा वाटा पूर्ण हवा. तिघं बसलो तर माझा तिसरा हिस्सा मी भरते. हा नियम फार चांगला आहे. पैसे घेतले की हवा बिघडलेली असतानाही जावंसं वाटेल.

*

पायलट लोक जेवायला उडतात. ‘शंभर डॉलरचा बर्गर’ हा त्यांचा जुना शब्दप्रयोग. शंभरात आता भागत नाही. आमच्याकडचं ठिकाण म्हणजे हॅरिस रँच. कोअलिंगाजवळ हमरस्त्याच्या कडेला हॉटेल, आणि त्याच्या अंगणालाच लागून चिंचोळी धावपट्टी. पालो आल्टोहून साधारण तासाभराचं उड्डाण. डोंगर ओलांडला की सेंट्रल व्हॅली एकदम उघडते, मोजून आखलेली बदामाची शेतं. फेब्रुवारीत फुलोरा असतो तेव्हा जावं.

*

मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ चा, जुहूचा. तिथेच शिकून जे.आर.डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातलं पहिल्या क्रमांकाचं लायसन्स घेतलं. त्याच वर्षी आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी जे.आर.डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघं भेटले. अस्पीचं विमान प्लगसाठी अडलं होतं. जे.आर.डीं.नी आपल्याकडचा प्लग दिला, आणि अस्पी आधी पोचून जिंकला. हाच अस्पी १९६० साली हवाई दलाचा प्रमुख झाला. बाबांना ही गोष्ट तोंडपाठ. ते सांगताना बक्षिसावर थांबत नाहीत, प्लगवर थांबतात.

जुहूला क्लबात लोक हौस म्हणूनही शिकत. आता महाराष्ट्रात शिकवणं चालतं ते बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी, आणि येणारं जवळजवळ प्रत्येक पोर नोकरीसाठी येतं: कमर्शियल लायसन्स, २०० तास, मग एअरलाइन. मामाचा नातू त्यातलाच. पन्नास लाखांपुढे खर्च, शेतावर कर्ज. त्याला मी विचारलं, एकटा पहिल्यांदा उडालास तेव्हा कसं वाटलं? म्हणाला, “मावशी, तास भरत होतो.” त्याच्या डोक्यावरचं ओझं खरं आहे, त्याला मी काय बोलणार. पण हौसेनं उडायला दारच नसलं की उडणं म्हणजे फक्त भरायचे तास उरतात.

एक दार आहे, पुण्यात. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. विंच दोरानं ग्लायडर ओढते, दोर सुटतो, पुढे इंजिन नाही. पुण्याच्या कितीतरी मुलांना ते ठाऊकच नसतं.

*

मुंबईच्या अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मांडलं गेलं, नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं की घरी बांधलेल्या विमानाची नोंद होते, हा रुळलेला रस्ता आहे, आणि दर जुलैत ऑशकोशच्या विमानमेळ्याला अशी विमानं झुंडीनं येतात. यादवांना जिना चढून सुटे भाग न्यावे लागले, आणि त्याहून जास्त पायऱ्या कचेऱ्यांच्या चढाव्या लागल्या.

*

क्लबची वार्षिक सभा. आम्ही बारा जण, विमान एक. इंजिनाचे २,००० तास जवळ आलेत आणि फंडात नऊ हजार कमी आहेत. काही जणांना जुनी गोल घड्याळं काढून दोन डिजिटल पडदे बसवायचेत. खजिनदारांनी सुचवलं, तासाचा दर १५ डॉलरनं वाढवू.

मी म्हटलं, दर वाढवू नका, महिन्याची वर्गणी वाढवा. दर वाढला की माणसं कमी उडतात. कमी उडालं की हात जातो, इंजिनही उभ्या उभ्या आतून गंजतं, आणि विमा कंपनी विचारते सभासदाचे मागच्या वर्षाचे तास किती. वर्गणी वाढली तर प्रत्येकाला वाटेल, भरलेच आहेत तर उडून घेऊ. जे दोघं अजून शिकताहेत त्यांना वर्षभर जुनीच वर्गणी ठेवावी, तो फरक बाकीच्या दहांनी वाटून घ्यावा.

तासभर वाद झाला. पडद्यांचा आग्रह धरणारे गृहस्थ शेवटपर्यंत हटले नाहीत, आणि त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. नव्या पडद्यांवर डोंगर आणि इतर विमानं दिसतात. पण इंजिन आधी. ठराव नऊ विरुद्ध तीन मतांनी मंजूर. वर्गणी एक तारखेपासून ६५ डॉलरनं जास्त, तासाचा दर १७०च. इंजिन खोलायला एप्रिलमध्ये जाईल; तोवर एकाहत्तरवाल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन दर पन्नास तासांनी बघायचं, हे इतिवृत्तात लिहून घेतलं आहे.